राणीच्या बागेतली उर्वशी

भायखळ्याला उतरून राणीच्या बागेत निघालेल्या कुटुंबात फाटकापाशीच मतं फुटतात. पोरांना वाघ आणि पेंग्विन बघायचे असतात, थकलेल्या आजोबांना सावलीतला बाक हवा असतो, आणि एखादी मावशी अशी निघते की तिला आधी उर्वशी फुललीय का ते पाहायचं असतं. सगळ्यात जुना हक्क या मावशीचा आहे, कारण ही बाग मुळात प्राण्यांसाठी लावलेलीच नव्हती.

शिवडीला ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची जुनी बाग होती. तिची जागा पुढे दफनभूमीला गेली. भायखळ्याची नवी बाग १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रियर यांच्या हस्ते खुली झाली आणि तिला व्हिक्टोरिया राणीचं नाव मिळालं. मुंबईकरांनी त्याचं ‘राणीची बाग’ करून टाकलं. आवारातलं वस्तुसंग्रहालय १८७२ साली उघडलं. त्याच्या उभारणीत नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड आणि डॉ. जॉर्ज बर्डवुड यांचा हात होता. पिंजरे आले ते त्यानंतर, १८९० च्या सुमारास. तोवर इथे माणसं येत ती झाडं पाहायला आणि हवा खायला.

उर्वशीचा प्रवास सांगण्यासारखा आहे. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख नॅथॅनियल वॉलिक यांना १८२७ च्या सुमारास ब्रह्मदेशात, मार्तबानजवळच्या एका बौद्ध मठाच्या बागेत हे झाड दिसलं. जवळच्या गुहेत बुद्धमूर्तींपुढे त्याच्या फुलांच्या ओंजळी वाहिलेल्या होत्या. तिथल्या माणसांसाठी ते पूजेचं फूल होतं. वॉलिक यांनी झाडाला लेडी ॲमहर्स्ट आणि त्यांच्या मुलीचं नाव दिलं आणि इंग्लंडमधल्या धनिकांना त्याचं वेड लागलं. डेव्हनशायरच्या ड्यूकनं १८३५ साली जॉन गिब्सन या तरुण माळ्याला खास या झाडासाठी हिंदुस्थानात धाडलं. रोप चॅट्सवर्थला सुखरूप पोचलं, काचघरात जपलं गेलं, पण इंग्लंडमधला पहिला बहर त्या ड्यूकच्या नशिबी नव्हता. तो १८४९ मध्ये ईलिंगच्या मिसेस लॉरेन्स यांच्या बागेत आला.

मराठीत त्याला उर्वशी म्हणतात. लांब देठांवरून खाली लोंबणारे लाल फुलांचे घोस, पाकळ्यांच्या टोकांना पिवळा ठिपका, आणि तांबूस, मलूल झाल्यासारखी लटकणारी कोवळी पालवी पाहिली, की हे नाव ज्याला सुचलं त्याच्या नजरेला दाद द्यावीशी वाटते. लेडी ॲमहर्स्ट कोण, हे आज सांगावं लागतं. उर्वशी कोण, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही.

असंच कैलासपतीचं. दक्षिण अमेरिकेतल्या या झाडाच्या बुंध्यावर जड, गोल फळं लटकतात, म्हणून इंग्रजांनी त्याला तोफगोळ्याचं झाड म्हटलं. आपल्याकडच्या लोकांनी फळ सोडलं आणि फूल पाहिलं. फुलाच्या मधोमध शिवलिंगासारखा उंचवटा आणि त्यावर नागाच्या फण्यासारखं झुकलेलं केसरांचं छत्र! मग हे परदेशी झाड देवळांच्या आवारात कुणी सांगायची वाट न पाहता रुजलं. आफ्रिकेतून आलेल्या भल्या थोरल्या बुंध्याच्या झाडालाही शास्त्रीय नाव मिळालं ते मिशेल ॲडनसन या फ्रेंच संशोधकावरून. आपण त्याचं नातं गोरक्षनाथांशी जोडलं आणि ते गोरखचिंच झालं. परदेशी झाडांबद्दल आज जी सरसकट नाराजी ऐकू येते, ती या तिघांच्या बाबतीत तरी अन्यायाची आहे. ज्या झाडाला आपल्या भाषेनं इतकं आपलं नाव दिलं, त्याला पाहुणं कसं म्हणायचं?

बागेतल्या आवडीनिवडींचा हा वाद एकदा फार गंभीर झाला. २००७ च्या सुमारास बागेचं आंतरराष्ट्रीय धर्तीच्या प्राणिसंग्रहालयात रूपांतर करण्याची योजना पुढे आली. तेव्हा मुंबईतल्या काही वृक्षप्रेमी बायका उभ्या राहिल्या. बागेत तीन हजारांहून अधिक झाडं आहेत आणि त्यांत इतरत्र सहसा न दिसणाऱ्या जाती आहेत, हे त्यांनी सभांमधून, पत्रांमधून आणि बागेत लोकांना हिंडवून पुन्हा पुन्हा सांगितलं. मूळ आराखडा तसाच्या तसा उभा राहिला नाही. त्यांनी झाडं राखली, म्हणून आज पिंजऱ्यासमोरच्या रांगेलाही सावली आहे.

पेंग्विन २०१६ साली दक्षिण कोरियाहून आले आणि रविवारची गर्दी त्यांच्या काचेपुढे जमू लागली. उर्वशीपाशी मात्र गर्दी नसते. आणि ती सहजासहजी वाढतही नाही. तिला बी क्वचितच धरतं, त्यामुळे वंश वाढवायचा तर फांदीची साल सोलून, ओलं शेवाळ गुंडाळून गुटी बांधावी लागते आणि मुळं फुटेपर्यंत ती ओली ठेवावी लागते.