विवळवेढ्याची महालक्ष्मी

केळवे-माहीमपासून तारापूर-चिंचणीपर्यंतच्या आमच्या गावांतून चैत्री पौर्णिमा जवळ आली की डहाणू तालुक्यातील विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेचे वेध लागतात. सुमारे पंधरवडाभर चालणाऱ्या या यात्रेस आम्ही जातो, ओटी भरतो आणि परततो. या क्षेत्राच्या पूर्वपीठिकेचा विचार मात्र क्वचितच करतो.

देवीविषयी दोन आख्यायिका प्रसिद्ध आहेत. वनवासातील भीमाने देवीच्या रूपावर लुब्ध होऊन तिला मागणी घातली. एका रात्रीत सूर्या नदीस बांध घातलास तर वरीन, असे देवी म्हणाली. बांध पुरा होत आला, तोच देवीने कोंबड्यासारखी बांग दिली. पहाट झाली असे समजून भीम हताश होऊन निघून गेला. दुसरी आख्यायिका अशी की, एक गरोदर स्त्री डोंगर चढताना मूर्च्छित पडली. तेव्हा भक्तवत्सल देवी शिखर सोडून पायथ्याशी आली. म्हणूनच आज डोंगरावर मूळ स्थान व खाली मंदिर अशी दोन स्थाने आहेत.

या दोन्ही कथा एकत्र वाचल्या म्हणजे देवीचे खरे स्वरूप उमगते. भीमाच्या बळापुढे जी नमली नाही, ती एका थकलेल्या स्त्रीसाठी आपण होऊन खाली उतरली!

देवीच्या सेवेचा मानही याच तत्त्वास साजेसा आहे. यात्रेत मध्यरात्री डोंगरावर ध्वज चढविण्याचा मान वाघाडी गावच्या आदिवासी पुजाऱ्याचा आहे. ध्वज येतो तो जव्हारच्या मुकणे या महादेव कोळी राजघराण्याकडून. 1948 साली संस्थान विलीन झाले, ध्वजाची प्रथा मात्र टिकली.

भीमाकडून न झालेला बांध विसाव्या शतकात धामणी येथे झाला. सूर्येचे पाणी आता वसई-विरारपर्यंत पोहोचते. परंतु त्या जलाशयासाठी ज्यांना आपली घरे व शेते सोडावी लागली, त्यांत बहुसंख्य आदिवासीच होते, हे पाणी पिणाऱ्यांनी विसरू नये.

ज्ञातीच्या स्मरणिकेत ज्ञातीचा गौरव असावा, हे योग्यच. तथापि ज्या देवीस आम्ही आमची म्हणतो, तिची सेवा पिढ्यानपिढ्या दुसऱ्यांनी सांभाळली, हे मान्य करण्यात आम्हांस कमीपणा वाटू नये. पुढील चैत्रात पायथ्याशी हात जोडताना ज्ञातिबांधवांनी एकवार वर ध्वजाकडे पाहावे आणि तो चढविणाऱ्या हातांनाही वंदन करावे, एवढीच आमची विनंती आहे.