गरोदरपणातील लक्षणविरहित योनिसंसर्ग

खाज, दुर्गंधी वा जादा स्राव नसतानाही गर्भवतीच्या योनिमार्गात असणारा जंतुसंसर्ग. तेथील लॅक्टोबॅसिलस जिवाणू घटून सामू ४.५च्या वर गेला की जिवाणूजन्य योनिविकार संभवतो. सुमारे निम्म्या बाधित स्त्रियांना तो जाणवतही नाही. अकाली प्रसूतीशी त्याचा संबंध आढळतो, पण जोखीम नसलेल्या सरसकट सर्वांना प्रतिजैविके देऊन ती टळत नाही. डॉ. राणी बंग यांच्या १९८९च्या गडचिरोली अभ्यासात (तो गर्भवतींपुरता नव्हता) ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोग आढळले. तक्रार ५५ टक्क्यांचीच होती. जोखीम ठरवता यावी म्हणून गर्भवतींनी पूर्वीची अकाली प्रसूती डॉक्टरांना आवर्जून सांगावी. दरमहा ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची मोफत तपासणी होते.