तात्पर्यापासून सुराकडे : सिंधुदुर्ग किनारा आणि कथेचे अध्यापन

मराठी शाळेत गोष्ट आली ती उपदेशाचे बोट धरून. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसपनीतिकथा’ आणि ‘बाळमित्र’ ही पुस्तके 1828 मध्ये प्रसिद्ध झाली, आणि गोष्टीच्या शेवटी ‘तात्पर्य’ विचारण्याची जी रीत अशा पुस्तकांबरोबर रूढ झाली ती पुढे शतकभर वर्गातून हलली नाही. तात्पर्य म्हणजे घटनांतून निघणारा बोध. तो एका वाक्यात सांगता येतो, पाठ करता येतो आणि तपासताही येतो, त्यामुळे परीक्षकाला तो सोयीचा होता. वाचताना मनावर जी छाया पसरते ते कथेचे भाववातावरण, आणि सांगणारा त्या घटनेकडे कौतुकाने पाहतो, उपहासाने पाहतो की हळहळून, हे ज्यातून उमगते तो निवेदनाचा सूर. या दोहोंना तात्पर्याच्या प्रश्नात जागा नव्हती.

ती जागा नियतकालिकांनी निर्माण केली, आणि त्यात आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. सावंतवाडी संस्थानातील आजगावचे काशीनाथ रघुनाथ आजगावकर, जे बंगाली साहित्याच्या ओढीने ‘मित्र’ या नावाने ओळखले जाऊ लागले, त्यांनी 1895 मध्ये ‘मासिक मनोरंजन’ सुरू केले. या मासिकात वि. सी. गुर्जर यांनी रुजवलेली ‘संपूर्ण गोष्ट’, म्हणजे क्रमशः न चालता एकाच अंकात संपणारी गोष्ट, वाचकाला एका बैठकीत एकाच भाववृत्तीत ठेवू शकत होती. 1922 मधील दिवाकर कृष्णांच्या ‘अंगणातला पोपट’ या कथेत घटनेपेक्षा मनाची अवस्थाच प्रधान झाली, आणि अशा कथेचे तात्पर्य विचारणे जवळजवळ निरर्थक ठरले.

आजगावपासून जवळच असलेल्या शिरोड्याच्या इंग्रजी शाळेत 1920 ते 1938 या काळात वि. स. खांडेकर शिक्षक होते, म्हणजे मराठी लघुकथा घडत असताना तिचा एक प्रमुख लेखक किशोरवयीन मुलांना रोज शिकवत होता. त्यांनी लोकप्रिय केलेली रूपककथा, म्हणजे फुले, पाखरे, दगड यांच्या आडून माणसाविषयी बोलणारी अतिशय लहान कथा, वरवर इसापाची वारसदार वाटते. परंतु तिच्यात बोध उघडा न मांडता शब्दांच्या निवडीतून सूचित केला जातो, त्यामुळे सूर ओळखण्याच्या पहिल्या पाठाला ती सोयीची आहे. तरीही सुभाषितवजा वाक्यांची आणि अलंकारांची खांडेकरांना असलेली ओढ पुष्कळदा वाचकाने काय वाटून घ्यावे हेही सांगून टाकते. शिक्षक आणि लेखक एकाच देहात नांदल्याचा हा परिणाम असावा.

शिरोड्यासारख्या किनाऱ्यावरच्या गावांतील मुलांचे कान मात्र शाळेत येण्यापूर्वीच तयार झालेले असत. या किनाऱ्यावर जत्रांच्या हंगामात देवळापुढे रात्रभर चालणाऱ्या दशावतारात, ज्याला बोलीत ‘धयकालो’ म्हणतात, लिखित संहिता नसते. आख्यानाची रूपरेषा आधी ठरते आणि नट रंगमंचावर उभे राहून संवाद रचतात. शब्द आयत्या वेळचे असल्यामुळे प्रसंगाचा भाव सांभाळण्याचे बरेचसे काम पायपेटी, मृदंग आणि झांज यांच्याकडे येते: युद्धाला मृदंगाची लय चढते, विलापाला ती खाली बसते, आणि पूर्वरंगातला, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या भागातला, विनोदी असुर संकासूर येताच सगळी सभा हसण्याच्या तयारीला लागते. भरताच्या नाट्यशास्त्रातील स्थायीभाव आणि रस, म्हणजे मनात मूळचा असलेला भाव आणि त्याचा प्रेक्षकाला येणारा आस्वाद, यांची नावे न ऐकलेले मूलही भाव कोठे बदलला हे अचूक सांगू शकते.

सुराचे शिक्षण त्याहून घरगुती, ते गजालीत होते. गजाल म्हणजे मालवणी गप्पांतली हकिकत. ती सांगणारा चेहरा गंभीर ठेवून तिरकस बोलतो, आणि शब्दांचा अर्थ व बोलणाऱ्याचा हेतू यांतील अंतर ऐकणाऱ्याने स्वतः ओळखायचे असते. गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरण’ या 1980 मध्ये रंगभूमीवर आलेल्या नाटकाने हेच अंतर मोठ्या प्रमाणावर दाखवले: महाभारतातला करुण प्रसंग गावच्या नाटकमंडळींच्या मालवणीत शिरताच हास्याचा होतो, कथानक तेच राहूनही. शाळेच्या प्रमाण मराठीने बोली वर्गाबाहेर ठेवली, आणि बोलीबरोबर हा तयार कानही बाहेर राहिला. कथाध्यापनाच्या इतिहासातील ही चूक साधी आणि महागडी होती.

पाठ्यपुस्तकांतही भाववातावरणाला जागा मिळाली ती उशिराच. पाठ्यपुस्तक मंडळाची, म्हणजे बालभारतीची, स्थापना 1967 मध्ये झाली. दहावीच्या कुमारभारतीत ‘रसग्रहण’ हा शब्द आजही मुख्यतः कवितेशी जोडलेला आहे, तर 2020 च्या बारावीच्या युवकभारतीत कथेची साहित्यप्रकार म्हणून स्वतंत्र ओळख करून दिली असून तिच्या घटकांमध्ये वातावरणाचाही समावेश आहे.