कुंभकोणम् : घरासाठीचे कर्ज आणि सरकारी व्याज अनुदान

तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम् हे कावेरीकाठचे मंदिरांचे नगर. तंजावरच्या मराठा राजवटीपासून येथे मराठी भाषक कुटुंबांचीही वस्ती आहे. १९०४ साली स्थापन झालेल्या कुंभकोणम् बँकेचे, म्हणजेच आताच्या सिटी युनियन बँकेचे, मुख्यालय याच गावी आहे. २०२१ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झालेल्या या शहरात घर घेणाऱ्यांना केंद्र शासनाच्या शहरी योजना लागू होतात.

शहरी गरिबांच्या गृहकर्जावर व्याज अनुदान देण्याची योजना केंद्राने २००८च्या अखेरीस आणली. त्यात केवळ १ लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर ५ टक्के सवलत होती. २०१३ साली राजीव ऋण योजनेने ही मर्यादा ५ लाखांवर नेली. जून २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत अल्प उत्पन्न गटाला ६ लाखांवर ६.५ टक्के अनुदान मिळू लागले व ही रक्कम, कमाल २ लाख ६७ हजार रुपये, एकदम कर्जखात्यात जमा होत असे. मध्यम उत्पन्न गटासाठी ही सवलत मार्च २०२१ मध्ये, तर इतरांसाठी मार्च २०२२ मध्ये संपुष्टात आली.

१ सप्टेंबर २०२४ पासून योजनेचा दुसरा टप्पा अमलात आला. वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असल्यास पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के अनुदान देय असून त्यासाठी मुदत कमाल १२ वर्षे धरली जाते. देशात कोठेही कुटुंबातील कोणाच्याही नावे पक्के घर नसावे, ही अट कायम आहे. कमाल १ लाख ८० हजार रुपयांचे हे अनुदान पाच वार्षिक हप्त्यांत मिळते. हप्ता मिळण्याच्या वेळी कर्ज चालू असावे व निम्म्याहून अधिक मुद्दल शिल्लक असावे लागते. त्यामुळे सोने मोडून अथवा शेत विकून कर्ज लवकर फेडणाऱ्यास उरलेल्या हप्त्यांवर पाणी सोडावे लागते.

अनुदानापेक्षा मोठी अडचण अनेकदा जमिनीची असते. तमिळनाडूतील मंदिरांच्या गावांत पुष्कळ जुनी घरे देवस्थानाच्या भाडेजमिनीवर उभी आहेत. घर रहिवाशाचे असले तरी जागा देवस्थानाची राहते. अशा जागेचा ‘पट्टा’, म्हणजे महाराष्ट्रातील सातबाऱ्यासारखा मालकी हक्काचा दाखला, रहिवाशाच्या नावे नसतो. तो नसल्यास बँक घर तारण म्हणून स्वीकारत नाही आणि कर्जच नसेल तर अनुदानही मिळत नाही. म्हणून विसार देण्यापूर्वी पट्टा व बोजा नसल्याचा दाखला निबंधक कार्यालयाच्या नोंदींशी ताडून पाहणे आवश्यक ठरते.