गिअरचा रोटीबेटी व्यवहार

गेल्या महिन्यातला एक रविवार. सकाळचे साडेसहा, जुना कात्रज घाट, आणि माझी सायकल खडखड आवाज करत मनाला येईल तो गिअर टाकतेय. शिफ्टर एकदा दाबला की काहीच होत नाही, दुसऱ्यांदा दाबला की चेन दोन चकत्या ओलांडून भलतीकडेच. पन्नाशीचे एक गृहस्थ साध्या काळ्या सायकलवर, डबा कॅरिअरला लावून, शांतपणे मला मागे टाकून गेले. जाताना त्यांनी माझ्या सायकलकडे जे बघितलं त्याचं वर्णन मी करणार नाही.

सायकलचा दोष नव्हता. आदल्या रात्री मीच तिला 'अपग्रेड' केलं होतं.

थोडी पार्श्वभूमी. तीन वर्षांपूर्वी मी रोड बाइक घेतली ती रंग बघून. खोटं कशाला बोलू? फिकट हिरवट-निळा रंग, बारीक चाकं, खाली वळलेलं हँडल. दोन दुकानांत एकच मॉडेल होतं. एकाने चार हजार कमी केले. दुसऱ्याने एक पैसा कमी केला नाही, पण वर्षभराच्या सर्व्हिसिंगबद्दल बराच वेळ बोलत बसला. मी चार हजारांकडे गेलो. आणि परवा फोनवरून, बंगलोरच्या एकाकडून, अठराशे रुपयांत एक वापरलेला मागचा डिरेलर घेतला. (डिरेलर म्हणजे चेनला एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा तो मागचा लोंबता हात.) माझ्याच डिरेलरचं नाव, तेवढेच दहा गिअर, फक्त एक पिढी पुढचा. दिसायला तर काय सुंदर! बसला नाही म्हणजे काय?

बसला. चालला नाही. का, याचं उत्तर शोधताना मी थेट शंभर वर्षं मागे गेलो, त्याची ही गोष्ट.

'टूर द फ्रान्स' सुरू झाली १९०३ साली. ती सुरू करणारे ऑन्री देग्राँज यांना डिरेलरचा भारी तिटकारा. त्यांच्या मते शर्यत पायांची असावी, यंत्रांची नको. त्यामुळे टूरमध्ये डिरेलरला परवानगी मिळाली ती १९३७ साली, आणि त्या वर्षी डिरेलर वापरून रोजे लापेबी जिंकलाही. त्याआधी काय करत? मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या चकत्या असायच्या. घाट आला की उतरायचं, नट सैल करायचे, चाक काढून उलटं लावायचं, पुन्हा निघायचं. आपला कात्रज असाच चढायचा अशी कल्पना करून बघा.

इथे इटलीतल्या तुल्लिओ कांपान्योलोची प्रसिद्ध कथा येते. १९२७ च्या नोव्हेंबरात एका शर्यतीत, क्रोचे द'आउने नावाच्या घाटात थंडीने बोटं इतकी बधिर झाली की चाकाचे नट सुटेनात. त्यातून पुढे त्याने क्विक रिलीज शोधला, म्हणजे एक लिव्हर उघडला की चाक हातात. ही कथा इतक्यांदा सांगितली गेली आहे की त्यात सत्य किती आणि मीठमसाला किती हे आता वेगळं काढणं कठीण. पण १९३३ साली व्हिचेंझात त्याने कंपनी काढली हे खरं, आणि पुढची कित्येक दशकं शर्यतीच्या सायकलवर कांपान्योलोचे भाग असणं म्हणजे घरंदाजपणाची खूण मानली गेली, हेही खरं.

मुद्दा असा की त्या काळात सायकल ही भेळ होती. डिरेलर कांपान्योलोचा किंवा फ्रान्सच्या सिम्प्लेक्सचा, चेन रेजिनाची, सीट ब्रुक्सची, ब्रेक आणखी तिसऱ्याचेच. आट्यांचे घोळ होते. फ्रेंच, इटालियन आणि इंग्रजी आटे एकमेकांत बसत नसत. पण गिअरपुरतं बोलायचं तर कोणाचाही डिरेलर कोणाच्याही लिव्हरवर चालायचा. कारण लिव्हरला खटकेच नव्हते! लिव्हर हळूहळू ओढायचा, चेनची कुरकुर ऐकायची, आवाज थांबला की गिअर पडला. तंबोरा लावण्यासारखं. अचूकपणा यंत्रात नव्हता, चालवणाऱ्याच्या कानात आणि बोटांत होता. आणि सगळे भाग एकमेकांशी जुळायचे ते त्यामुळेच. हे माझ्या डोक्यात शिरायला अठराशे रुपये लागले.

आता जपान. १९६४ साली ओसाकाच्या माएदा कंपनीने, म्हणजे 'सनटूर'ने, एक साधी पण जबरदस्त गोष्ट केली. डिरेलरचा समांतरभुज चौकोन तिरका बसवला. त्यामुळे तो आत सरकताना खालीही सरकतो आणि चकती लहान असो वा मोठी, तिच्यापासून साधारण तेवढ्याच अंतरावर राहतो. गिअर एकदम सहज पडू लागले, तेही स्वस्त सायकलींवर. बाकीचे नुसते बघत बसले, कारण पेटंट सनटूरचं.

ते पेटंट १९८४ मध्ये संपलं.

आणि त्याच १९८४ मध्ये शिमानोने नवीन 'ड्युरा-एस' आणला. शिमानो ही साकाई गावातली कंपनी, १९२१ साली फ्रीव्हील बनवत सुरू झालेली. तिने तिरका डिरेलर घेतला आणि लिव्हरमध्ये खटके घातले. एक खटका, एक गिअर. कान नको, बोटांची तालीम नको. नवशिक्याचाही गिअर बरोबर पडणार. खटक्यांची कल्पना नवी नव्हती, शिमानोने स्वतःच ती आधी करून बघितली होती. या वेळी मात्र त्यांनी लिव्हर, केबल, केबलचं आवरण, डिरेलर, चकत्या, चेन हे सगळं एकत्र बसवून, एकमेकांच्या मापाने बनवलं. म्हणून ते चाललं. दोन-तीन वर्षांत तीच गोष्ट त्यांच्या स्वस्त सेटमध्येही आली.

कांपान्योलोने काय केलं, ते आमच्या क्षेत्रातल्या लोकांनी जरूर ऐकावं. त्यांनी 'सिंक्रो' नावाचा लिव्हर काढला. त्यात बदलता येणारी चकती होती: तुमचा डिरेलर अमुक आणि फ्रीव्हील तमुक असेल तर या रंगाची चकती घाला, नसेल तर त्या रंगाची. म्हणजे जुन्या सगळ्या भागांशी जुळवून घ्यायचा प्रामाणिक प्रयत्न! बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी! आणि तो सपशेल फसला. सनटूरचीही खटक्यांची पद्धत मागे पडली आणि नव्वदीत मूळ कंपनीच संपली. त्यांचं नाव आजही सस्पेन्शन फोर्कवर दिसतं, पण ती कंपनी वेगळी. ज्याने तिरका डिरेलर शोधला तो बुडाला, ज्याने पेटंट संपायची वाट बघितली तो जिंकला... मला हे वाचून खरंच वाईट वाटलं.

असो. तर १९८४ नंतर रोटीबेटी व्यवहार बंद झाला. एकाच्या लिव्हरवर दुसऱ्याचा डिरेलर चालेना. तरी एक पळवाट होती. त्या लिव्हरवर एक कडी असायची, ती फिरवली की खटके बंद आणि पुन्हा जुनी पद्धत सुरू. १९९० मध्ये शिमानोने ब्रेक आणि गिअरचा लिव्हर एकत्र केला आणि ती कडीही गेली. आता ब्रेकसुद्धा नात्यात आला! १९८७ साली शिकागोत सुरू झालेल्या 'स्रॅम'ने याच काळात शिमानोवर खटला भरला. तक्रार अशी की सायकल कंपन्यांनी पूर्ण सेट घेतला तर शिमानो सूट देते, एक भाग दुसऱ्याचा घेतला की सूट जाते, मग आमचा शिफ्टर घेणार कोण? १९९१ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली.

आता माझा डिरेलर. सोमवारी ऑफिसमधून लवकर निघून मी दुसऱ्या दुकानात गेलो. हो, तेच, ज्याने पैसे कमी केले नव्हते. तिथल्या काकांनी सायकल स्टँडला लावली, दोनदा शिफ्टर दाबला आणि म्हणाले, "लिव्हर जुना, डिरेलर नवा. यांचं बोलणं नाही."

मग त्यांनी समजावलं. लिव्हर एका खटक्याला ठरावीक केबल ओढतो, डिरेलर त्याच्या काही पट सरकतो. जुन्या पिढीत ते प्रमाण साधारण १.७, नव्यात १.४. दहा गिअरच्या दोन चकत्यांमधलं अंतर ३.९५ मिमी. जुना लिव्हर ओढतो सुमारे २.३ मिमी, गुणिले १.७, झाले ३.९. जमलं. तेच गुणिले १.४ केलं की जेमतेम ३.२. प्रत्येक खटक्याला पाऊण मिलिमीटर कमी, पाच खटक्यांत जवळजवळ अख्खी चकती चुकली. नाव तेच, गिअर तेवढेच, पण आतलं गणित बदललेलं. रिलीज नोट्स न वाचता व्हर्जन बदलणाऱ्याला मी ऑफिसात काय काय बोलतो, ते आठवलं.

"आमच्या वेळी," काका म्हणाले, "अॅटलसचं पेडल हर्क्युलसला लावा, हिरोचं फ्रीव्हील अॅटलसला लावा. कुठल्याही गावात कोणीही करून द्यायचा." खरंच आहे. ती काळी सायकल इंग्रजी सायकलीवरून घेतली आणि अनेक दशकं बदललीच नाही, म्हणून तिचा प्रत्येक भाग प्रत्येक टपरीवर मिळायचा. पण तिला गिअरही नव्हते, हे मी काकांना बोललो नाही. डब्यावाल्या गृहस्थांची आठवण ताजी होती.

काकांनी माझा जुना डिरेलर परत लावला. तो ज्यावर टांगतात तो हँगर थोडा वाकला होता, तो सरळ केला. मागच्या चाकाची आउट काढली आणि केबल बदलली. एकूण साडेसहाशे रुपये. मी विचारलं, मग अपग्रेड काय करू? ते म्हणाले, "टायर चांगले घे. आणि दर पंधरा दिवसांनी चेन पूस."

काल पुन्हा कात्रज. गिअर लोण्यासारखे. डब्यावाले गृहस्थ दिसले नाहीत, नाहीतर दाखवलं असतं :-)

तो नवा डिरेलर माझ्या ड्रॉवरमध्ये जुन्या चार्जरांच्या शेजारी पडलाय. अजूनही दिसायला सुंदरच आहे. कोणाला हवा असेल तर पंधराशेला देईन, पण आधी तुमच्या शिफ्टरचा मॉडेल नंबर कळवा.