खंड्या

ॲल्सिडिनिडी कुलातील पक्ष्यांना मराठीत खंड्या किंवा धीवर म्हणतात. या कुलाच्या जगात सुमारे ११५ जाती असून त्यांपैकी १२ भारतात आढळतात. मोठे डोके, लांब टोकदार चोच आणि आखूड पाय या खुणा सहज नजरेत भरत असल्या, तरी पावलाची रचनाही तितकीच महत्त्वाची आहे : पुढच्या तीन बोटांपैकी बाहेरचे व मधले बोट बऱ्याच लांबीपर्यंत एकमेकांना जोडलेले असते.

पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांत खाडी, भातखाचरे, चिकूच्या वाड्या आणि डोंगर यांत फारसे अंतर नाही, त्यामुळे वेगवेगळ्या सवयींचे खंड्या तेथे जवळजवळच भेटतात. डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीसारख्या कोरड्या जागीही दिसू शकणारा पांढऱ्या छातीचा खंड्या (हॅल्सिऑन स्मिर्नेन्सिस) पाण्यावर फारसा अवलंबून नसतो. तारेवर किंवा फांदीवर बसून तो जमिनीवर नजर ठेवतो आणि नाकतोडे, सरडे, खेकडे, प्रसंगी उंदराचे पिलूही पकडून, बैठकीवर आपटून गिळतो. त्यामुळे मासेमारी हेच लक्षण धरणाऱ्याची येथे फसगत होते. त्याचे डोके व पोट चॉकलेटी, पाठ निळी, चोच लाल असून उडताना पंखावरचा पांढरा पट्टा उघडा पडतो.

लहान खंड्या (ॲल्सिडो ॲथिस) मात्र खराखुरा मासेमार असून मादीच्या खालच्या चोचीवरील नारिंगी रंगाने ती नरापासून वेगळी ओळखता येते. काळापांढरा कवड्या खंड्या पाण्यावर पंख फडफडवत एका जागी स्थिर राहतो व तेथूनच सूर मारतो. नराच्या छातीवर दोन काळे पट्टे, तर मादीच्या छातीवर एकच आणि तोही मधे तुटलेला असतो. काळ्या डोक्याचा खंड्या कोकणच्या खाड्यांतील तिवरांत आढळतो.

खंड्याच्या पिसांत निळे रंगद्रव्य नसते. पिसांतील अतिसूक्ष्म सच्छिद्र रचनेमुळे प्रकाशातील निळा भाग परावर्तित होतो, हे या पक्ष्याच्या इतर सर्व गुणांपेक्षा नवलाचे मानावे लागेल.

ओढ्याची दरड, कच्च्या विहिरीची कड किंवा रस्त्यासाठी कापलेली माती यांत नर व मादी चोचीने आडवे बीळ कोरतात, आणि त्याच्या टोकाच्या रुंद पोकळीत मादी काड्यापानांचे अस्तर न घालताच पांढरी, जवळपास गोल अंडी घालते. काँक्रीटने बांधून काढलेल्या काठात असे बीळ कोरता येत नाही, मग पाण्यात मासे कितीही असोत.