बालशिक्षणातील कथाकथन

बालशिक्षणातील कथाकथन म्हणजे मुलांच्या भाषिक, बौद्धिक, भावनिक व सामाजिक विकासासाठी गोष्ट सांगण्याचा हेतुपूर्वक केलेला वापर होय. कथाकथन हे कथावाचनाहून भिन्न आहे. वाचनात शब्द पुस्तकातील असतात. कथाकथनात मात्र निवेदक श्रोत्यांचे वय, बोली व प्रतिसाद पाहून गोष्टीची मांडणी बदलत जातो. घरातील आजी-आजोबांच्या गोष्टींपासून बालवाडीतील गोष्टीच्या तासापर्यंत त्याची विविध रूपे आढळतात.

इतिहास

कथेच्या द्वारे शिक्षण देण्याची परंपरा भारतात प्राचीन आहे. पंचतंत्राच्या कथामुखानुसार, अमरशक्ती राजाच्या तीन मंदबुद्धी पुत्रांना नीतिशास्त्र शिकवण्यासाठी विष्णुशर्मा याने हा ग्रंथ रचला. हा ग्रंथ सहाव्या शतकात पहलवी भाषेत आणि आठव्या शतकात ‘कलीला व दिम्ना’ या नावाने अरबीत गेला. महाराष्ट्रात चिऊ-काऊच्या गोष्टी, श्रावणातील कहाण्या व कीर्तनातील आख्याने यांतून मुलांवर कथेचे संस्कार होत आले आहेत.

आधुनिक काळात गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी कथाकथनाला शिक्षणपद्धतीचे स्थान दिले. त्यांनी १९२० साली भावनगर येथे दक्षिणामूर्ती संस्थेचे बालमंदिर सुरू केले. मारिया माँटेसरी यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. तथापि लहान वयात वास्तवाधिष्ठित अनुभवांवर भर देणाऱ्या माँटेसरी यांना अद्भुतकथांविषयी साशंकता वाटत असे, तर गिजुभाईंनी गोष्टीला वर्गात मध्यवर्ती स्थान दिले. या विषयावर त्यांनी ‘वार्तानुं शास्त्र’ हा गुजराती ग्रंथ लिहिला. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील शिक्षकाचा शांततेचा खेळ वर्गात फसतो, पण गोष्ट सुरू होताच तीच मुले शांत बसतात.

गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणाचे हे कार्य महाराष्ट्रात आणले. १९४५ साली त्यांनी बोर्डी येथे ग्रामबालशिक्षा केंद्र स्थापन केले. पुढे ते कोसबाड येथे नेण्यात आले. अनुताई वाघ यांनी तेथे आदिवासी मुलांच्या शिक्षणाचे काम दीर्घकाळ केले.

साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ हे पुस्तक कथाकथनाच्याच रूपात रचलेले आहे. त्यात श्याम आपल्या आश्रमातील सोबत्यांना रोज रात्री एक आठवण सांगतो. गुरुजींच्या निधनानंतर प्रकाशभाई मोहाडीकर यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या साने गुरुजी कथामालेने मुलांना गोष्टी सांगण्याचा उपक्रम गावोगावी नेला.

विकासातील महत्त्व

भाषाविकास: गोष्टीत दैनंदिन संभाषणात क्वचित येणारे शब्द व दीर्घ वाक्यरचना मुलांच्या कानी पडतात. संदर्भामुळे अपरिचित शब्दाचा अर्थ उमगतो. चिऊ-काऊच्या गोष्टीतील पुनरावृत्त संवाद मूल निवेदकाबरोबर म्हणू लागते व अशा रीतीने श्रोता वक्ता बनतो.

विचार व स्मरण: घटनांचा क्रम, कार्यकारणभाव आणि पुढे काय घडेल याचा अंदाज यांचा सराव गोष्टीतून होतो. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९८६ साली विचाराचे तार्किक व कथनात्मक असे दोन प्रकार मांडले. मानवी हेतू व अनुभव यांचा अर्थ लावण्यासाठी कथनात्मक विचार आवश्यक असतो व तर्क त्याची जागा घेऊ शकत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते.

भावनिक व सामाजिक विकास: एखाद्या पात्राला ठाऊक नसलेली गोष्ट श्रोत्याला ठाऊक असते, तेव्हा इतरांचे मन आपल्या मनाहून वेगळे असते याची जाणीव मुलास होते. भय, मत्सर, वियोग यांसारख्या भावनांचा अनुभवही ते सुरक्षित अंतरावरून घेते.

पद्धती

कथाकथनात आवाजातील चढउतार, विराम, हावभाव, बाहुल्या व चित्रे यांचा उपयोग केला जातो. गोष्ट अर्धवट थांबवून शेवट मुलांकडून पूर्ण करवून घेणे, तिचे नाट्यीकरण करणे व ती मुलांच्या शब्दांत पुन्हा सांगावयास लावणे हे प्रचलित उपक्रम आहेत. अमेरिकन शिक्षिका व्हिव्हियन पेली यांनी मुलांनी सांगितलेल्या गोष्टी लिहून घेऊन त्यांच्याकडूनच वर्गात सादर करवून घेण्याची पद्धत विकसित केली. ज्या मुलांची घरची बोली शाळेच्या प्रमाणभाषेहून वेगळी असते, त्यांच्या बाबतीत बोलीतील गोष्ट हा घर व शाळा यांतील दुवा ठरतो. भारताच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कथाकथनाधारित अध्यापनाचा उल्लेख आहे.

मतभेद व मर्यादा

मुलांना कोणत्या गोष्टी सांगाव्यात, हा वाद जुना आहे. प्लेटोने ‘रिपब्लिक’ या ग्रंथात मुलांच्या कानी पडणाऱ्या कथांवर नियंत्रण असावे असे मत मांडले. रूसोने ‘एमिल’ (१७६२) मध्ये बोधकथांवर आक्षेप घेतला. कावळा व कोल्हा यांच्या गोष्टीतून मूल खुशामतीपासून सावध होण्याऐवजी फसवणाऱ्या कोल्ह्याचीच बाजू घेते, असे त्याचे म्हणणे होते. गोष्टीचे प्रयोजन प्रथम आनंद असावे व तात्पर्याचा आग्रह धरू नये, अशी भूमिका गिजुभाईंनी घेतली. परीकथांतील भीतिदायक प्रसंग मुलांना आंतरिक संघर्ष हाताळण्यास साहाय्य करतात, हे ब्रूनो बेटलहाइम यांचे १९७६ मधील प्रतिपादन प्रभावी ठरले. मात्र त्यास पुरेसा प्रायोगिक आधार नसल्याची टीकाही झाली. दुष्ट सावत्र आई, रूपावरून ठरणारी योग्यता किंवा जातिलिंगविषयक पूर्वग्रह पारंपरिक कथांतून नकळत रुजू शकतात. त्यामुळे कथेची निवड आणि तिच्यावर मुलांशी होणारी चर्चा यांना कथाकथनात महत्त्व दिले जाते.

हे सुद्धा पहा

पंचतंत्र
गिजुभाई बधेका
ताराबाई मोडक
साने गुरुजी
बालसाहित्य